हात दाखवील तसेच गावे

मी, संगीत महाविद्यालयात वृंदगानाचे संचालन शिकवून निवृत्त झालेली प्राध्यापिका, राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र करीत आहे. गुडघे गेले, डोके ठिकाणावर आहे. धाकट्या बहिणीला शंका असल्यास तिने डॉक्टरांचा दाखला पाहावा.

१. माझे राहते घर सराववृंदाच्या नावे करावे. सराववृंद म्हणजे किल्लीवाला, परिचारिका, शिंपी वगैरे मंडळी, जी शिकाऊ संचालकांच्या हाताखाली गातात. नियम एकच: हात दाखवील तसेच गायचे. हात अडखळला तर अडखळायचे. कसलेले गायक सांभाळून घेतात आणि पोराला आपला दोष जन्मभर कळत नाही.

२. महाविद्यालयातला हा वृंद विभागप्रमुखांनी बंद केला. आता मुले आरशासमोर उभी राहून रेकॉर्डिंगवर हात हलवतात. मी भांडायला गेले तर म्हणाले, "बाई, तुमच्या बेसुऱ्यांपेक्षा रेकॉर्डिंग बरं. कधी चुकत तरी नाही."

"तेच तर! तू चुकलास तरी ते बरोबरच वाजतं."

विभागप्रमुख माझेच विद्यार्थी. गुरूची विद्या गुरूलाच!

३. मोठ्या खोलीत कोणत्याही शिकाऊ संचालकाला या वृंदासमोर फुकट सराव करता यावा. आरसा लावू नये.

४. पियानो बहिणीला. त्यावर कुंड्या ठेवू नयेत. संचालनाच्या छड्या शेजाऱ्यांच्या टोमॅटोंना आधाराला द्याव्यात. मला हात रिकामाच बरा वाटे.

५. माझ्या अंत्यविधीला सराववृंदाने गावे आणि संचालन विभागप्रमुखांनीच करावे. दुसरे कोणीही चालणार नाही. पहिल्या वर्षी त्यांचा हात थरथरे, वृंदही थरथरत गाई. ते रडकुंडीला येऊन म्हणत, "बाई, यांना नीट गायला सांगा ना!" मी सांगितले नाही, म्हणून तो हात तयार झाला. असा हात मला पुन्हा मिळाला नाही. त्याचा मला अभिमान होता व आहे. तो पुन्हा जिवंत माणसांसमोर उठावा, एवढीच माझी इच्छा आहे.

६. या सगळ्याची अंमलबजावणी बहिणीने करावी. ती कुणाचे ऐकत नाही, त्यामुळे या कामाला योग्य आहे.

सही करण्यापूर्वी किल्लीवाल्याने पाचवे कलम दोनदा वाचले. "बाई, उभं राहिल्यावर त्यांना रडूच फुटलं तर? त्या दिवशी तरी सांभाळून घेऊ ना?"

मी "नाही" म्हटले. नियम तोच राहील.

सही: प्राध्यापिका
साक्षीदार: किल्लीवाला (खर्ज), परिचारिका (वरचा आवाज)
ठिकाण: घरातली मोठी खोली
दिनांक: नवे सत्र सुरू होण्याच्या आदला दिवस