थरथरत्या हातांची गोळी

गुरुवार, १२ एप्रिल १९८४
महाल, नागपूर

आईवर रागवावं की तिचे आभार मानावेत, कळत नाही.

वर्षभर सुमनला कशातच गोडी नाही. रडणं नाही, माझ्याशी भांडण नाही. पुढ्यात येईल ते जेवते, बस. नेहमीच्या गोळ्यांनी गुण येईना, म्हणून गेल्या महिन्यात डॉक्टरांनी वेगळी दिली. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांना देतात ती. "एखाद्याचं मनही उभारी धरतं त्यानं. खात्री नाही, देऊन बघू."

सुनेच्या मनाचा आजार म्हणायची आईला लाज. तिने गल्लीभर सांगून टाकलं, सुमनचे हात थरथरतात.

आज गच्चीवर कुरडयांचा घाट होता. सुमन सवयीने गव्हाचा चीक ढवळायला बसली, तर शेजारच्या कमलाकाकूंनी तिच्या हातातला चाटू काढून घेतला. "राहू दे वं, तुह्ये हात थरथरतेत. सांडन सारं."

थरथरत नाहीत. कधीच थरथरले नाहीत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुमनच ताडकन उठली. "माह्ये हात नाही थरथरून राहिले! द्या इकडे!" आणि चाटू चक्क हिसकावला. मग घाम पुसत चीक शिजेपर्यंत ढवळत बसली. आई खाली मान घालून पाट पुसत राहिली.

हा गोळीचा गुण, की नुसता अपमान झोंबला? उद्या डॉक्टरांना काय सांगू, बायकोने चाटू हिसकावला म्हणून? हसतील. हसोत.

वर्षभरात तिने 'द्या' म्हटलेली ही पहिलीच वस्तू.