नेसरीहून आलेला आलेख

कोल्हापूर, फेब्रुवारी २००७

प्रिय भैरवी,

तुला वहिनी म्हणायचं अजून जमत नाही, तेव्हा कॉलेजातली मैत्रीण म्हणूनच लिहिते. प्रसेनजीतदादाला सांग, आईचे गुडघे बरे आहेत, आणि त्यानं बंगळूरहून पाठवलेला स्वेटर ती उन्हातसुद्धा काढत नाही.

मागे तुला सांगितलं होतं ना, आमच्या कंपनीनं तुमच्या नेसरीच्या दवाखान्याला टॉवरवरून इंटरनेट दिलंय. तिथली टेलिफोनची तार सारखी तुटायची, म्हणून पेशंटच्या हृदयाचे आलेख इंटरनेटवरून फॅक्सनं इथल्या हॉस्पिटलात पाठवायचं ठरलं. पण पान काही केल्या पुरतं येईना. अर्धं यायचं आणि यंत्र गप्प. तिथला कंपाउंडर केरबा मोबाइलवर ओरडायचा, "म्याडम, कागद गिळला की वो तुमच्या इंटरनेटनं!"

त्याचं खरंच होतं. बोलताना एखादा शब्द गळला तरी माणूस समजून घेतो. फॅक्सचं तसं नाही. तो पानाचे आवाज करून फोनवरून पाठवतो. त्याच्या आवाजातला एवढासा तुकडा वाटेत हरवला की तो सरळ फोन ठेवून देतो. मग आम्ही दोन्हीकडे नवी पेटी बसवली. ती आवाज पाठवतच नाही. फॅक्सची भाषा ओळखते, पानाची माहिती छोट्या पाकिटांत भरते आणि प्रत्येक पाकिटात आधीच्या पाकिटाची नक्कलही घालते. एक हरवलं, तर पाठोपाठ येणारं त्याचाही माल घेऊन येतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं गं, पण डोळ्यांनी बघितलं ते गेल्या मंगळवारी.

सकाळी हॉस्पिटलात पेटी तपासत होते. बाहेर वारा सुटला होता, पाकिटं गळताहेत हे पडद्यावर दिसत होतं. तेवढ्यात नेसरीचा फॅक्स सुरू झाला. मी मनात म्हटलं, आता तुटणार. पण कागद सरकतच राहिला. कुणाच्या तरी काळजाची रेघ एवढ्या लांबून, हवेतून, तुकड्यातुकड्यांनी येऊन माझ्यासमोर सांधली जात होती, आणि तिच्यातला एकही ठोका गळला नव्हता. हृदयाच्या डॉक्टर मनालीताईंनी कागद बघितला आणि उभ्याउभ्याच नेसरीला फोन लावला, "झटका मोठा आहे. रक्ताची गुठळी विरघळायचं इंजेक्शन तिथंच द्या, मग गाडीत घाला." दुपारी पेशंट इथे पोचला. आता धोका टळलाय, हे आधी नीट वाच, मग पुढचं.

भैरवी, त्या कागदावर तुझ्या आबांचं नाव होतं. तुमचं लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झाल्यापासून ते मला नेसरीच्या बाजारात बघितलं तरी रस्ता बदलायचे, तुला ठाऊकच आहे. त्यामुळे मी वॉर्डाच्या दारातूनच बघून परत जायची. काल त्यांनी हाक मारली. कॉटवर शेजारी बसवून माझा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, भैरवीला लिही. फोन नगं, घाबरंल ती. बरा हाय म्हणावं. आन् एकटीनं येऊ नगं, जावयास्नी घेऊन ये." जावई हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. पत्र मिळताच निघा. दोघंही.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
संघप्रिया