तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स

भांडगाव,
९ डिसेंबर २०२५

आदरणीय पाशामामू,

सलाम. इकडे सगळे खुशाल. अब्बांची ड्युटी अजून दौंड स्टेशनलाच आहे, अम्मीचा गुडघा थंडीनं धरलाय, शेळीला दोन पिल्लं झाली. शिरूरच्या नव्या घराची फरशी बसली का? मामींना सलाम सांगा.

पत्र कशाला, असं म्हणाल. व्हॉट्सॲपवर लिहिलं की तुम्ही अंगठा टाकून मोकळे होता.

परवा तुम्ही अम्मीला फोनवर विचारत होता, शाळेसमोरचा तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कोणी पळवला. विरोधकांना शिव्याही घातल्या. त्याचं सांगते, पण आधी संडासाचं.

मुलींचा संडास व्हावा म्हणून आम्ही काय नाही केलं? वर्गावर्गात फिरून सह्या घेतल्या. निवेदन घेऊन दौंडला पंचायत समितीत हेलपाटे मारले. ग्रामसभेत माझी मैत्रीण मोनिका उभी राहिली. तिचे वडील, भिमाआप्पा, मागून "खाली बस" म्हणत होते, तरी बोलली. "शाळेत जायला जागा न्हाई म्हणून आम्ही पोरी दिवसभर पाणीच पीत न्हाई," एवढंच. सगळे बाप्ये आपापल्या चपलांकडं बघत बसले. शेवटी बांधकाम झालं, नळ आले, पांढऱ्या टाइल्स बसल्या. आम्ही वर्गात नाचलो होतो मामू.

आणि तुम्ही शाळेचे अध्यक्ष, कुलूप घालून किल्ली शिरूरला घेऊन गेलात. का, तर उद्घाटनाला मोठ्या साहेबांची तारीख मिळायचीय. पावसाळ्यापासून मिळतेच आहे. मी फोन केला तेव्हा म्हणालात, "बेटा, रिबन कापायच्या आधी वापरला तर घाण व्हईल. फोटोत कसं दिसंल?"

ते ऐकून मला शिसारी आली. अजून जात नाही. दाराला बांधून ठेवलेल्या त्या रिबनवर आता कबुतरं शिटतात.

मुली उसाच्या कडेला जायच्या. गेल्या महिन्यात तोड झाली, तोही आडोसा गेला. मग पाणी पिणं पुन्हा बंद. मोनिकाला लघवीचं इन्फेक्शन झालं, किडनीपर्यंत गेलं, दौंडला ॲडमिट केली. भेटायला गेले तर तिची आजी सखूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे ती शाळा. पोर जित्ती ऱ्हायली तर बास." डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. पिऊन जायचं कुठं, ते कोण सांगणार?

आता ती घरी आहे. भिमाआप्पा मला म्हणाले, "सोमवारी कुलूप निघालं तर धाडतो. न्हाईतर पाव्हणं बघाया येणार हायती." ग्रामसभेत बोलणारी पोरगी बारावीच्या परीक्षेआधी हळदीला बसेल, आणि कशामुळं, तर तुमच्या रिबनीमुळं.

तर फ्लेक्स. तो चोरीला गेला नाही. मी आणि माझ्या वर्गातल्या सुमैयानं काढला. शाळेमागं बांबूला बांधून आडोसा केलाय. माल चांगला आहे, वाऱ्यानं फाटत नाही. तुमचा चेहरा बाहेरच्या बाजूला ठेवलाय. आतून ठेवला असता तर मुलींना बसवलं नसतं. खाली 'लेकीबाळींचा आधार' असं छापलंय, ते पहिल्यांदाच खरं झालं.

रविवारपर्यंत किल्ली पाठवा. अब्बांच्या हाती दिली तरी चालेल. नाही आली, तर सोमवारी प्रार्थना झाल्यावर एकही मुलगी वर्गात जाणार नाही. सगळ्या त्या फ्लेक्ससमोर बसणार. दौंडच्या पत्रकारांना सांगून ठेवलंय. फोटो तर तुम्हाला हवाच होता.

अम्मीला या पत्राचं माहीत नाही. तिला रागावू नका, माझ्यावर रागवा.

दर ईदला तुम्हाला लिहिते तसं 'तुमची लाडकी भाची' लिहायला घेतलं होतं. हात वळला नाही. किल्ली आली की लिहीन.

मेहक,
बारावी कला