एस्टिमेटच्या पुढे गेलेली गाडी

बाबा, मी पुन्हा शर्यतीत उतरलो, अन् तेही तुमच्या मोटरसायकलवर. रागावू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या, मधात बोलायची सवय तुम्हाले फार होती. रिटायर झालो तेव्हा सुरुवातीले तुमची सून माझ्यावर खूश होती. भाजी आणून द्यायचो, गॅसचा नंबर लावायचो. मग एक दिवस मी तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, तूर, मूग, चणा, मोहरी. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी काय चणा समजून मोहरी फोडणीत टाकत होती काय? तुम्ही एखादा छंद काहून नाही लावून घेत? घराबाहेरचा." तिच्या मनात सकाळचं फिरणं होतं. मी पोर्चमधल्या तुमच्या गाडीवरचं पोतं काढलं.

कॉलेजात असताना इथं रायपुरातच भनपुरीकडे ट्रान्सपोर्टवाल्यांनी मोटरसायकलची शर्यत ठेवली होती, तुम्हाले आठवत असंल. मी दोस्ताच्या गाडीवर पहिला आलो अन् बक्षिसाची स्टीलची बादली घेऊन घरी आलो. तुम्ही ड्यूटीवरून येऊन स्वयंपाकघरात पाटावर बसले आहात, रेल्वे गार्डाचा पांढरा ड्रेस तसाच अंगावर, ताटात भात अन् अंबाडीची भाजी. आई बादली उलटीपालटी करून पाहून राहिली, खूश आहे. तुम्ही घास हातातच ठेवून म्हणता, "बादली बाजारात भेटते. टांग भेटते काय?" अन् भात कालवायले लागता. शर्यतीचा नाद तिथंच सुटला. पुढं मले नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही आपल्या गाडीची चाबी माझ्या हातात ठेवली अन् म्हटलं, "काटा चाळीसच्या वर गेला का चाबी वापस." मी पाया पडलो अन् मनात चार शिव्याही घातल्या. पण काटा वर गेला नाही. तुम्ही गेल्यावरही नाही. सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे, तेव्हा मी दुकानांच्या पाट्या वाचत असल्यासारखं करायचो.

तर गुढियारीच्या मेकॅनिकनं गाडी चालती केली, अन् घरात युद्ध पेटलं. "बसून खायचं वय, अन् हे उडायले चालले," असं तुमची सून भाजीवालीलेही सांगून आली. जुन्या गाड्यांचा एक शौकीन आमच्या गाडीवर डोळा ठेवून होताच. शेवटी तिनं अट घातली, एक शर्यत जिंका, गाडी राहील. हरले तर रविवारी तो माणूस येईल अन् घेऊन जाईल. मी हव म्हटलं, पण रात्री झोप आली नाही. तुमचं घड्याळ बिघडलं, कोट उंदरांनी खाल्ला. तुमची म्हणून घरात एवढी गाडीच उरली होती.

शर्यत नव्या रायपुरात होती. तिथले रस्ते तुम्ही पाहिले नाहीत, बाबा. आठ गाड्या बाजूबाजूनं जातील असे रुंद, अन् जायले गाडी एक. एका क्लबनं परवानगी काढून त्यातला सरळ तुकडा बंद केला होता. त्या रस्त्याचं एस्टिमेट माझ्याच टेबलावरून गेलं होतं, म्हणून मी जरा ऐटीत होतो. हौशी गटाचा नियम असा, का गाडी कोणतीही चालते, पण ती किती सेकंदांत पोचंल ते आधी लिहून द्यायचं. धावतात दोन-दोन गाड्या, त्यातल्या हळू गाडीले तेवढी आधी सोडतात. अन् लिहिल्यापेक्षा लवकर पोचला, तर तो बाद.

सरावात आपली गाडी एकोणीस सेकंदांत पोचली होती. मी वीस लिहिले. काहून लिहिले म्हणता? सारी नोकरी बांधकाम खात्याच्या एस्टिमेट शाखेत गेली. जे लागंल ते काढायचं अन् वर थोडं हाताशी ठेवायचं, मुरलेली खोड ती. माझ्यासोबत धावणारी पोट्टी इथल्याच कोणत्या तरी ऑफिसात कामाले होती. मराठीच घरची असावी, माझं सारं समजायचं तिले, जवाब मात्र हिंदीत. माझी चिठ्ठी पाहून ती हसली. "काका, एक सेकंड ज्यादा लिख दिए। अब लास्ट में ब्रेक मारना पड़ेगा, याद रखना।"

"अवो बाई, ब्रेक मारण्यातच माझी जिंदगी गेली," मी म्हटलं.

हिरवा दिवा लागला अन् मी सुटलो. थोड्या वेळानं ती सुटली, पण तिची गाडी निघतानाच गचके खाऊन राहिली होती. आरशात पाहिलं, पोट्टी पार मागे. म्हणजे शर्यत माझीच, फक्त शेवटी ब्रेक दाबायचा. चष्मा नाकावर नाचत होता, वरच्या दाढा खालच्यांवर आपटत होत्या. काट्याकडे मी पाहिलंच नाही. रेघ ओलांडली, हात वर केला, अन् भोंग्यावर ऐकलं, "अंकल आउट।"

खरी शर्यत मग पंचाच्या मांडवात झाली. तुमची सून डबा घेऊन शर्यत पाहायले आली होती, ती डबा बाजूले ठेवून थेट पंचावर गेली. "ती पोट्टी मागे राहिली, मी माह्या डोळ्यानं पाहिलं." पंच म्हणाला, "माताजी, अंकल जल्दी आ गए।" "जोरात आले म्हणून हरले? अन् हळू आले असते तर जिंकले असते?" पंच म्हणाला, "हव।" तुमच्या सुनेनं पदर खोचला. मग तिनं त्याच्या अकलेचा जो हिशोब काढला, तो इथं लिहीत नाही, तुम्ही वडीलधारे आहात. शेवटी त्या पोट्टीनंच तिले पाणी देऊन बसवलं.

रविवारी तो शौकीन आला. तिनं त्याले चहा दिला, पोहे दिले अन् सांगितलं, गाडी द्यायची नाही, आमच्या ह्यांच्यावर अन्याय झाला आहे. तो गेल्यावर मले म्हणाली, "पुढच्या खेपेला टाइम मी लिहीन. जन्मभर एस्टिमेट केलं म्हणे."

घरात सगळे समजतात का म्हातारा ब्रेक मारायचं विसरला. मीच तसं सांगितलं, अन् माझ्या वयाकडे पाहून सगळ्यांना पटलंही. म्हणून हे पत्र घरात ठेवता येत नाही, लिहून झालं का फाडणार आहे. तिच्या हाती लागलं तर अन्यायाची गोष्ट संपंल अन् गाडी जाईल. विसरलो नव्हतो, बाबा. शेवटचे झेंडे दिसले, पोट्टीचं बोलणं आठवलं, पाय ब्रेकवरच होता. गाडी हातची जाईल हेही ठाऊक होतं, अन् जिवाले ते लागलंही. तरी पाय दाबला नाही. लय मजा येऊन राहिली होती.