युकुलेलीवरचा नाताळ

बोरिवली (पश्चिम),
२ डिसेंबर २०२४

प्रिय सुगंधा,

तुझं पत्र पोचलं. सांगलीत थंडी पडली, तुझे गुडघे बरे आहेत, नात तंबोरा लावायला शिकली, वाचून बरं वाटलं. इकडेही सगळं ठीक. जुलैत थायरॉइडची गाठ काढली ती साधीच निघाली, टाके भरले, डॉक्टर स्वतःवर खूश आहेत. मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस. अगं, त्या मोबाइलवर दिवसभर कुणीतरी कर्ज घ्या, घर घ्या म्हणून किंचाळत असतं. मी तो बंदच ठेवते. तुला पत्र लिहिते आहे ना? मग झालं.

आपल्या गुरुबाईंच्या स्मृतिदिनाच्या बैठकीचं म्हणशील तर पत्रिका छापायला अजून वेळ आहे. घाई कसली? तोपर्यंत तुला हसायला एक गोष्ट सांगते. मी युकुलेली शिकते आहे.

युकुलेली म्हणजे गिटारला सातव्या महिन्यात झालेलं मूल समज. काखेत मावते. चार तारा, त्याही नायलॉनच्या, मासे पकडायच्या गळाला असतात तशा. लावायच्या कशा, तर प सा ग ध. आणि जिथे खर्ज असायला हवा तिथे वरचाच पंचम! पाया नाही, घुमारा नाही. छेडली की ट्विंग. बाईंनी हे वाद्य पाहिलं असतं तर त्यावर कोथिंबीर चिरली असती.

ह्यात मला ओढलं शेजारच्या दीप्तीने. ती बँकेत आहे आणि तिला लोकांचं भलं करायचा रोग आहे. मुलींच्या शिकवण्या मी सध्या बंद ठेवल्या आहेत, जरा विश्रांती म्हणून, बाकी काही नाही. तर ही रोज बेल वाजवायची. "काकू, तुम्ही दिवस दिवस दार उघडत नाही. चला ना माझ्याबरोबर क्लबहाउसमध्ये. काही करू नका, नुसतं बसा." नुसतं बसायला गेले आणि हातात ते खेळणं आलं.

शिकवणारा मेल्विन, गोराईचा. खाडी ओलांडून होडीने येतो. पायात स्लिपर, डोक्यावर माझ्यापेक्षा मोठा अंबाडा. ह्याचे आजोबा म्हणे एकेकाळी हॉटेलांतून जॅझ वाजवायचे. त्या भांडवलावर हा नातू आमच्या सोसायटीला नाताळची गाणी शिकवतो आहे. साधी नव्हे हं. जॅझी! साधी नाताळची गाणी निदान देवळात म्हणण्यासारखी तरी असतात. ह्यांनी त्यांना मुरके घालून कमरेत वाकवलं आहे. चोवीस तारखेला कंपाउंडमध्ये आमचा जलसा.

ताल ऐक. दोन मात्रांतली पहिली लांबवायची, दुसरी आखडायची, की झाला स्विंग. म्हणजे पायात काटा गेलेला दादरा. सूर म्हणशील तर सा ग प नी एकदम वाजवतात आणि डोळे मिटून "स्वीट ना?" विचारतात. ज्या निषादासाठी बाईंनी तुला-मला सहा-सहा महिने रडवलं, तो इथे बोट चुकलं तरी लागतो! आणि प्रत्येक गाण्यात बर्फ पडतो. वर पंखा पाचावर, दातांचे डॉक्टर निलेश घामाने निथळताहेत, आणि तोंडाने शेकोटी न् बर्फ. ते तार ओढतात तीसुद्धा दाढ काढल्यासारखी.

बाकी सर्व क्षेम. नातीला आशीर्वाद.

तुझी,
माणिक

*

बोरिवली,
१३ डिसेंबर

प्रिय सुगंधा,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, समन्स. "टिंगल पाठवतेस, होकार पाठवत नाहीस." तू लिहितेस की स्मृतिदिनाला पहाटेच्या बैठकीत ललत मीच गायचा, कारण बाईंच्या मागे तो माझाच. आणि मी नाही म्हटलं तर मुंबईत राहून मला गर्व चढला असं सगळे म्हणतील. म्हणू देत. सगळे म्हणजे कोण? तो पेटीवाला, जो अजून समेच्या आधी मान हलवतो? की तुझ्या त्या गुरुपौर्णिमेला शालू नेसून येणाऱ्या गायिका? त्यांच्या मताची मला किती किंमत आहे ते तुला ठाऊक आहे.

होकाराचं बघू. आधी इथला ताजा अपमान ऐक.

त्या वर्गात वाजवता वाजवता गायचंही असतं. मी पहिल्या दिवसापासून नुसते ओठ हलवत होते. एवढ्या गोंगाटात कुणाला कळतंय? दीप्ती आपली वरच्या पट्टीत कुकरच्या शिट्टीसारखी, निलेश तिच्या मागे खाली कुठेतरी घसरलेले. पण मेल्विनचे कान, त्या अंबाड्याखाली असूनही, तिखट आहेत.

काल एक नवीन गाणं काढलं. त्याच्या आजोबांनीच केलेलं, म्हणे. संथ आहे. नाताळची संध्याकाळ, एक बाई दारात दिवा लावून बसली आहे, होड्या परत येताहेत, आणि ती ज्याची वाट बघते तो यायचा नाही हे तिला माहीत आहे. एवढंच. त्यात बर्फ नाही, ही एक बरी गोष्ट. तो सगळ्यांच्या जवळ जाऊन कान लावत होता. माझ्यापाशी थांबला.

"आन्टी, तुमचा आवाज येत नाय."

मी मान हलवली.

"लाजू नका ना. एकच लाइन. कोण हसणार नाय."

कोण हसणार नाही! मला, सुगंधा! ज्या बाईने भर पावसात, लाइट गेलेल्या मांडवात, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत तार षड्ज पोचवला, तिला हे पोर सांगतंय की लाजू नका. मला असा संताप आला की मी म्हटली ती ओळ. म्हटली एकदाची.

दीप्ती माझ्याकडे बघायचं टाळत होती. आणि हा मुलगा, अंगावर काटा आलेला हात माझ्यापुढे धरून म्हणतो, "काय आवाज आहे, आन्टी! लोक वर्षानुवर्षं सिगारेटी ओढून हा आवाज आणतात. हा जॅझचा आवाज आहे. चोवीसला हे गाणं तुम्ही एकट्याच म्हणायचं."

मी युकुलेली खुर्चीवर ठेवली आणि घरी निघून आले. आता परत तिथे जाणार नाही. संपलं ते प्रकरण.

तुझ्या नातीचं तंबोऱ्यावर बोट नीट पडतं का? मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने जोड. घाई करू देऊ नकोस.

माणिक

*

बोरिवली,
२६ डिसेंबर

सुगंधा,

"तुझ्या आवाजाला जॅझचा म्हणणारा तो पोरगा बहिरा आहे, की तू माझ्यापासून काही लपवते आहेस?" एका ओळीचं पत्र. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच थोडक्यात काही लिहिलंस.

पोरगा बहिरा नाही.

गाठ साधी निघाली हे खरं आहे. पण ती काढताना स्वरयंत्राची एक नस दुखावली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, कागदावर माझी सही आहे, तेव्हा कुणाला शिव्या द्यायचीही सोय नाही. चार-पाच महिने थांबून बघू म्हणाले. डिसेंबरच्या सुरुवातीला दुर्बीण घालून पाहिलं. डावी बाजू हलत नाही. हलण्याची आशाही फारशी नाही. त्याच दिवशी घरी येऊन मी तुला ते पहिलं पत्र लिहिलं, हसवणारं.

माझा आवाज आता असा आहे की दाराआडून "कोण?" विचारलं तर दूधवाला "साहेब, पिशवी" म्हणाला. हवा निघते, मध्येच सूर लागतो, मध्येच तुटतो. वरचं सगळं गेलं. मुलींच्या शिकवण्या ह्यासाठी बंद केल्या. फोन ह्यासाठी बंद ठेवला. मी "हॅलो" म्हटलं असतं तर तुला कळलं असतं, आणि तू रडली असतीस, आणि मला तुझं सांत्वन करावं लागलं असतं. ते माझ्याच्याने झालं नसतं. त्या युकुलेलीच्या वर्गात मी का जात राहिले, हेही आता सांगते. तिथे मी कोण होते हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे सगळेच बेसूर होते. अशा माणसांचा मी आयुष्यभर तिटकारा केला, आणि त्यांच्यात बसल्यावर मला आडवं पडल्यासारखं हलकं वाटायचं. हे लिहितानाही चीड येते आहे.

तर झालं असं. मी निघून आल्यावर दोन-तीन दिवसांनी मेल्विन माझी युकुलेली घेऊन दारात उभा. दीप्तीने पत्ता दिला, अर्थात. मी त्याला आत घेतलं ते चहासाठी नव्हे, झाडायला. म्हटलं, बस. आवाज म्हणजे काय ते ऐक. आणि मिरजेच्या बैठकीतला माझा ललत स्पीकरवर लावला, तू तंबोऱ्यावर होतीस तो.

मला वाटलं पाच मिनिटांत चुळबुळ करेल. मांडी घालून बसला तो हललाच नाही. विलंबित संपलं, द्रुत संपलं. मग म्हणाला, "हे लय भारी आहे, आन्टी. मला अर्धं पण नाय कळलं. कोण आहे?"

"मी आहे."

मी त्याला सगळं सांगितलं, ह्या फाटक्या आवाजात. तुला न सांगितलेलं एका स्लिपरवाल्याला सांगितलं, ह्याचा राग धरू नकोस. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं, त्याच्या चेहऱ्याची जबाबदारी आपल्यावर नसते.

मला वाटलं आता सॉरी म्हणेल, डोळ्यांत पाणी आणेल. म्हणाला, "मी तुम्हाला त्या दिवशी चढवलं नाय. मला खरंच आवडलं." मग त्या स्पीकरकडे बोट करून, "हिला मी आजोबांचं गाणं दिलं नसतं."

"का?"

"हिला जमलं नसतं. हिचं सगळं चांगलं चाललंय."

मी त्याला घालवून दिलं. शब्दशः. चल ऊठ, निघ, म्हटलं. ललताला, बाईंच्या ललताला, हा पोरगा म्हणतो हिला जमलं नसतं! घरात फेऱ्या घालत त्याला काय काय बोलले. तो तोपर्यंत होडीत बसलाही असेल.

पण वाद्य टाकून गेला होता. आणि सुगंधा, आपल्याला सवयच वाईट लागलेली. समोर उतरलेली तार दिसली की हात जातो. मी ती लावली. षड्ज आणखी खाली घेतला, खूप खाली, जिथे आपण कधी गायलोच नाही कारण गरज नव्हती. मंद्र पंचमापासून मधल्या गांधारापर्यंत, एवढी जागा मला उरली आहे. बाकी घर पडलं, एक खोली शाबूत. ते गाणं बरोबर त्या खोलीत मावतं. जिथे आवाज तुटत होता तिथे तो आजोबा जणू आधीच थांबलेला होता, श्वासाला जागा ठेवून.

एवढ्यावरून मी पाघळले असं समजू नकोस. गाणं सामान्यच आहे. त्याचा अंतरा तर आळसाने लिहिलेला आहे. पण म्हणवलं मला.

चोवीसला गायले. काय ती शोभा! पार्किंगमध्ये गाड्या हटवून स्टेज, त्यावर थर्माकोलचा बर्फ. निलेशना लाल टोपी, ती त्यांच्या कानांवर उतरलेली, त्यामुळे त्यांना ताल ऐकू येत नव्हता आणि फरक काहीच पडला नाही. पहिल्या चार गाण्यांत दीप्ती दोनदा पुढे गेली आणि वर्ग तिच्या मागे धावला. समोरची पोरं केक कधी म्हणून ओरडत होती. मग मेल्विनने माझं नाव घेतलं. "माणिक आन्टी." ना पंडिता, ना विदुषी. आन्टी.

मी खुर्चीवर बसले. माइकला शिट्टी आली, ती थांबेपर्यंत थांबले. मग वाजवत गायले. त्या लंगड्या दादऱ्याचा मी इतके दिवस हिशेब करत होते, तो त्या दिवशी केला नाही, म्हणून असेल, नीट चालला. दुसऱ्या कडव्यात आवाज पुरता गेला. नुसती हवा. मी वाजवत राहिले, मेल्विन मागे दबून वाजवत राहिला, पुढच्या ओळीला आवाज परत आला. मी त्या दिवशी आवाजाची वाट बघितली, त्याच्यामागे धावले नाही.

कुणी रडलंबिडलं नाही. टाळ्या गाणं संपायच्या आधीच पडल्या. खाली उतरल्यावर बी विंगमधल्या एका बाईने दीप्तीला विचारलं, "काकूंना सर्दी आहे का?" दीप्ती, जिला मी महिनाभर नावं ठेवते आहे, म्हणाली, "नाही. त्यांचा आवाज तसा आहे." इतकंच. मला ते फार आवडलं, आणि तिला मी तसं सांगितलं नाही.

आता ललताचं. पत्रिकेत माझ्या नावापुढे गायन असं छापू नकोस. ललत तू गा. तुझा कोमल धैवत अजून घाबरतो, त्याचं काय करायचं ते मी दोन दिवस आधी येऊन सांगेन, मला बोलता येतं तेवढं. ते युकुलेलीचं खेळणं मी आणणार नाही, काळजी करू नकोस, सांगलीकरांचा तेवढा अंत मी पाहणार नाही. इथेच वाजवेन. मेल्विनने ईस्टरची गाणी काढली आहेत, ती नाताळापेक्षाही भिकार आहेत.

आपल्या लोकांना माझ्या आवाजाचं तूच सांगून टाक. एकदाच सांग, सगळ्यांना एकत्र बसवून. काय शब्द वापरायचे ते तुझ्यावर सोपवते, फक्त "बिचारी" म्हणू नकोस. कुणी दुसऱ्याने म्हटलं तर त्याला सांग, माणिकने निरोप दिलाय की आधी तुझा षड्ज लाव.

तुझ्याशी इतके महिने खोटं वागले. तू रागावणार, रागव. पण मला ये म्हण.

तुझीच,
माणिक