मागे पाहणारा मोर

मंगळवार, सायंकाळ.

नात श्रावणीने आज तिच्या मोबाइलवरील राक्षस पकडण्याच्या खेळातील एक राक्षस दाखविला. निर्मात्यांनी तो रेखाटला, पण खेळात घेतला नाही. तरी खेळाच्या आत कुठेतरी तो तसाच आहे. चौकटी भरून काढलेला. आम्ही विणकर ग्राफच्या कागदावर चादरीची नक्षी भरतो, अगदी तसा!

"मग पुसला का नाही?" मी विचारले.

"ताता, एक काढला की बाकीचं अडकतंय. म्हणून ठेवलाय," तिने या आजोबाला समजावले.

चौथी शिकलेल्या मला हे तत्काळ उमगले. मागावर नक्षी उमटविणाऱ्या जकार्डच्या माळेतून भोकांचा एक पुठ्ठा काढला, तर सारी नक्षी बिघडते.

तसाच माझा मागे पाहणारा मोर! चादरीसाठी मी काढलेली नक्षी. व्यापारी हसला होता, "असला मोर कोण पांघरणार हो?" एकही चादर निघाली नाही. त्याचे पुठ्ठे माळ्यावर आहेत आणि चिरंजीव उद्या ते रद्दीत घालणार. म्हणे, "नाना, जागा अडतीय की!"

मान जराशी जास्त वळली होती का? नाही. मोर चुकला नव्हता.

पुठ्ठे जाणार नाहीत. माझा माग अजून चालतो. श्रावणीला त्या राक्षसाच्या चौकटी कागदावर उतरवून आणावयास सांगितले आहे. मोर आणि तो, दोघेही एकाच चादरीवर येतील. ती मी स्वतः पांघरीन.