साल न काढलेल्या पट्ट्या

साकातेकास, गुरुवार

तीर्थरूप तोमासाआत्या यांस,

निकानोरचा पायांवर डोकं टेकवून नमस्कार. ग्वादालूपेच्या माउलीच्या कृपेनं इकडे सगळे धडधाकट आहोत. तुमचा खोकला हटला का? कोंबड्या अंड्यांवर बसल्या का? शेजारच्या चोलेबाईंशी बोलणं सुरू झालं का? (नसेल तर घाई करू नका, मिळतेय तेवढी शांतता भोगून घ्या.) तुम्ही पाठवलेली बिहीच्या फळाची वडी पोचली म्हणे. ओफेलियानं ती कुलपात ठेवल्यामुळे मला ही बातमी ऐकूनच माहीत आहे.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुमच्या चिरंजीवांचं कौतुक. आमचे डॉक्टरसाहेब, म्हणजे तुमचा एव्हारिस्तो, यांनी असा पराक्रम केलाय की तो तुम्हाला कळवल्याशिवाय मला घास गिळवेना. इथल्या इस्पितळात कर्करोगावर किरण सोडणारं नवं यंत्र आलंय. यंत्र गुणाचं आहे, पण जोरात चालवलं की त्यातून न्यूट्रॉन नावाचे कण सुटतात आणि ते भिंत, दार काही जुमानत नाहीत. ते दाराबाहेर किती येतात हे मोजायचं काम विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेकडे, म्हणजे डॉक्टरसाहेबांकडे, म्हणजे अर्थातच माझ्याकडे आलं. मलाही त्यात जरा जास्त रस. कारण दाराबाहेर खुर्ची टाकून ते यंत्र चालवायची नोकरी माझ्या बायकोला, ओफेलियालाच, लागलीय.

आता हे मोजतात कसं ते सांगतो (डॉक्टरसाहेब सांगतात तेव्हा ऐकणारे उठून जातात, तुम्ही बसा). चष्म्याच्या भिंगाचं प्लॅस्टिक असतं ना, त्याच्या नखाएवढ्या पट्ट्या घ्यायच्या. न्यूट्रॉन त्यातून जातो आणि मागे बहुतेक काहीच ठेवत नाही. म्हणून पट्टीवर बोरॉनचा लेप द्यायचा. न्यूट्रॉन बोरॉनला धडकला की त्यातून एक जड कण उडतो, तो पट्टीत घुसून ओरखडा काढतो. मग पट्टी गरम कॉस्टिक सोड्यात भिजत ठेवली की ओरखड्याचा खड्डा होतो आणि आपण मायक्रोस्कोपखाली खड्डे मोजत बसायचं. मात्र तो जड कण भारी आळशी. कागदाएवढं काही आडवं आलं की तिथंच बसकण मारतो. आणि कारखान्यातून येताना पट्टीला दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिकची साल चिकटवलेली असते. ती सोलून मग लेप द्यायचा. तामालवरची मक्याची पानं न काढता वर लाल रस्सा ओतला, तर आतल्या पिठाला चव लागेल का, सांगा!

एरवी सोलायचं काम माझं. पण त्या दिवशी वर्तमानपत्राचा फोटोवाला यायचा होता. सबब डॉक्टरसाहेबांनी ठेवणीतला पांढरा कोट चढवला, हातमोजे घातले आणि लेप स्वतःच्या हातानं द्यायचं ठरवलं. मला पाहुण्यांसाठी मक्याच्या गरम गोर्दिता आणायला पिटाळलं (तांत्रिक सहायकाची पदवी मी त्यासाठीच घेतली). परत येतो तो सगळ्या पट्ट्या रंगवून, डब्यात घालून, इस्पितळात रवाना. फोटो मात्र झकास आलाय. कापून ठेवा.

यंत्राच्या चाचण्या झाल्या, पट्ट्या परत आल्या. मी धुवायला घेतल्या तर लेप सालीसकट उचकटून हातात! खाली पट्टी बघावी तर जवळजवळ कोरी. जे थोडे ठिपके दिसले त्यांना डॉक्टरसाहेबांनी धूळ ठरवलं आणि अहवाल धाडला: दाराबाहेर न्यूट्रॉन शून्य. मी हळूच सालीचा विषय काढला. तर हसून म्हणाले, "निकानोर, जो न्यूट्रॉन भिंतीतून पार होतो, तो एवढ्याशा सालीला अडेल का रे?" म्हणणं बिनचूक होतं, आत्या. न्यूट्रॉन अडत नाहीच. अडतो तो त्यानं उडवलेला कण, पण एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्या छोट्या कणाबद्दल कोण सांगणार! आता सोमवारी उद्घाटन आहे. महापौर येणार, पाद्री येणार, पितळी पाटीवर शून्य कोरलंय.

बाकी सर्व क्षेम. थंडीत विहिरीवर अनवाणी जाऊ नका. हे पत्र फक्त खुशालीचं आहे, कसलीही तक्रार समजू नये.

तुमचा आज्ञाधारक,
निकानोर

ता.क. तक्रार समजलात तरी चालेल. त्या चाचण्यांच्या वेळी मी ओफेलियाच्या खुर्चीखाली साल सोलून लेप दिलेल्या पट्ट्या गुपचूप चिकटवल्या होत्या. त्यांची चाळण झालीय. नेमका धोका किती ते नीट मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, पण शून्य खचितच नाही. त्या पट्ट्या मी डॉक्टरसाहेबांपुढे ठेवल्या. ते म्हणाले, परवानगी न घेता लावलेल्या पट्टीला शास्त्रात किंमत नाही. वर म्हणाले, "ओफेलियाला भीती वाटत असेल तर तिनं सोडावी नोकरी. दहाजणी रांगेत उभ्या आहेत." आत्या, तिनं सोडली तर दुसरी कुणी बसेल, एवढाच फरक. मला रात्रंदिवस भीती वाटते. विनोद सगळा त्यापायीच चाललाय.

ता.क. २. मोजणी पुन्हा करायला दोन आठवडे पुरतात, पण त्यासाठी चूक कबूल करावी लागते. पन्नाशी आली तरी एव्हारिस्तो जगात तुम्हा एकट्यांनाच भितो. सोमवारी तो तुम्हाला न्यायला गाडी पाठवणार आहे. खुर्चीबद्दल उठलेल्या अफवा बंद करण्यासाठी यंत्र सुरू करून, सगळ्यांच्या देखत, जन्मदात्या आईला त्या खुर्चीत बसवून फोटो काढायचा त्याचा बेत आहे. घटकाभर बसून तुम्हाला काही होणार नाही. पण तो फोटो छापून आला की त्या खुर्चीबद्दल पुन्हा कुणी ब्र काढणार नाही, आणि ओफेलिया तिथं रोज बसेल. तेव्हा या जरूर, नवी शाल घालून या, सगळ्यांना आशीर्वाद द्या. फक्त, आत्या, गुडघे कितीही दुखले तरी बसू नका.